चौथं पदक

रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरून नोटीस बोर्डासमोर रोज चकरा मारणाऱ्या सगळ्यांना हा लेख अर्पण! पेपरचे मार्क बदलून यायला दोन-तीन महिने लागले की आपला जीव टांगणीला लागतो. मेसमध्ये जेवताना दुसरा विषय नसतो. पण एका माणसाच्या मार्कांची बेरीज दुरुस्त व्हायला पूर्ण पन्नास वर्षं लागली. बेरीज दुरुस्त झाल्यावर त्याचे मार्क वाढले नाहीत, उलट कमी झाले. आणि ते कमी झाले हे ऐकायला तो माणूस नव्हता. त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

त्या माणसाचं नाव तोर्लाइफ हाउग. स्पेलिंग बघून आपण थोरलीफ म्हणू, पण नॉर्वेचे लोक तिथे ‘त’च म्हणतात. आपल्याकडे हे नाव कोणाच्या कानावरून गेलेलं नसतं. साहजिक आहे, आपला बर्फाशी संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता! पण नॉर्वेत हाउग म्हणजे मोठा माणूस. पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं जिंकली. त्यातलं एक नॉर्डिक कंबाइंड या खेळाचं होतं, म्हणजे या खेळाचा तो पहिला ऑलिंपिक विजेता. त्याची गोष्ट सांगायच्या आधी हा खेळ काय असतो ते थोडक्यात सांगते.

स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब पट्ट्या. त्यावरून बर्फात दोन अगदी वेगळी कामं करता येतात. एक म्हणजे क्रॉस-कंट्री. हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि चढ, उतार, जंगल सगळं पार करत किलोमीटरच्या किलोमीटर जायचं. इथे छातीचा भाता पाहिजे, दम पाहिजे, शरीर हलकं पाहिजे. दुसरं म्हणजे स्की जंपिंग. डोंगरावरच्या उंच रॅम्पवरून सुसाट खाली यायचं, टोकाला आल्यावर स्वतःला हवेत झोकून द्यायचं आणि कितीतरी मीटर पुढे जाऊन उतारावर पाय टेकायचे. इथे सगळा खेळ काही सेकंदांचा. पायात स्फोटासारखी ताकद लागते आणि डोकं बर्फाइतकं थंड लागतं. नॉर्डिक कंबाइंडमध्ये ही दोन्ही कामं एकाच माणसाने करायची. आपल्या भाषेत सांगायचं तर मॅथ्स आणि वर्कशॉप दोन्हींत टॉपर यायचं. एकात डिस्टिंक्शन आणि दुसऱ्यात केटी असं इथे चालत नाही, कारण दोन्हींचे गुण एकत्र धरतात.

आजच्या पद्धतीत आधी उड्या होतात. उडीत जो पुढे असतो तो क्रॉस-कंट्रीत आधी सुटतो, बाकीचे गुणांच्या फरकाप्रमाणे काही सेकंदांनी त्याच्या मागे. मग जो पहिला रेषा ओलांडेल तो जिंकला. हिशोबाची कटकट नाही. ही पद्धत गुंडर गुंडरसन या नॉर्वेच्याच खेळाडूच्या नावाने ओळखली जाते आणि ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक स्पर्धेत ती 1988 पासून आली. हाउगच्या काळी मात्र उलटं होतं. आधी क्रॉस-कंट्री, नंतर उड्या, आणि शेवटी कागद-पेन्सिल घेऊन गुणांची बेरीज आणि सरासरी. कॅल्क्युलेटर नव्हते. जे काही असायचं ते माणसाच्या डोक्यात आणि हातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाउगचा जन्म 28 सप्टेंबर 1894 चा, नॉर्वेतल्या द्रामेन शहराजवळचा. द्रामेन हे ऑस्लोपासून फार दूर नसलेलं, नदीकाठचं, लाकूड आणि कागदाच्या धंद्यावर वाढलेलं गाव. आजूबाजूला टेकड्या आणि जंगल. तिथल्या मुलांना स्की म्हणजे आपल्या गावाकडच्या मुलांची सायकल. कोणी मुद्दाम शिकवत नाही, पडत-झडत येते.

आणि तो काळही तसाच होता. 1888 मध्ये नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड पार केलं होतं. 1905 मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र देश झाला, तेव्हा हाउग दहा-अकरा वर्षांचा होता. तो सतरा वर्षांचा असताना, डिसेंबर 1911 मध्ये, आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला, तोही स्की आणि कुत्र्यांच्या गाड्या यांच्या जोरावर. नवीन देश, छोटा देश, आणि जगाला दाखवायला त्यांच्याकडे होतं हे एक कसब. त्यामुळे चांगला स्कीअर होणं ही तिथे नुसती हौस नव्हती. त्यात देशाचा मानही होता.

तिथली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे राजधानीजवळच्या टेकडीवरची होल्मेनकोलेन. 1892 पासून ती तिथे भरते. विशेष म्हणजे तिची सुरुवातच कंबाइंडने झाली. त्या लोकांचा फंडा सरळ होता. जो नुसता पळतो किंवा नुसता उडतो तो अर्धा स्कीअर. पुरा स्कीअर तोच, ज्याला दोन्ही जमतं. होल्मेनकोलेनला 50 किलोमीटरची शर्यतही असते. लाकडी स्की, आजच्यासारखे मशीनने आखून दिलेले ट्रॅक नाहीत, आणि वेळ साधारण चार तास. आपण होस्टेलपासून कॉलेजच्या गेटपर्यंत चालत जायचा कंटाळा करतो, म्हणून मुद्दाम आकडा सांगितला.

हाउग द्रामेनच्या द्राफ्न क्लबकडून उतरायचा. 1918 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने होल्मेनकोलेनची 50 किलोमीटर शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी त्याला होल्मेनकोलेन पदक मिळालं. हे पदक नॉर्वेच्या स्कीइंगमधला सगळ्यात मोठा सन्मान मानतात. मग त्याने थांबायचं नावच घेतलं नाही. 1919, 1920, 1921, पुन्हा 1923 आणि 1924. अशी एकूण सहा वेळा ती शर्यत त्याची. आणि कंबाइंड? तेही 1919, 1920 आणि 1921 अशी ओळीने तीन वर्षं. जरा विचार करा. सलग तीन वर्षं देशातली सगळ्यात लांब शर्यत त्यानेच जिंकली आणि ‘पुरा स्कीअर’ ठरवणारी स्पर्धासुद्धा त्यानेच. 50 किलोमीटरला लागणारं शरीर आणि उडीला लागणारं शरीर सारखं नसतं. एवढ्या लांब पल्ल्याचा दमदार माणूस उडीतही सॉलिड असणं दुर्मिळच.

हे सगळं नॉर्वेत चाललं होतं, पण जगाच्या पातळीवर दाखवायला मंचच नव्हता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि हिवाळी ऑलिंपिक हा प्रकार अजून जन्माला यायचा होता. गंमत म्हणजे असं काही असावं याला सुरुवातीला नॉर्वेसारख्या देशांचाच फारसा उत्साह नव्हता. आपल्या घरच्या स्पर्धा आहेत की, त्या पुरेत, असा त्यांचा सूर. शेवटी 1924 मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनी गावात ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ या नावाने स्पर्धा भरल्या. 25 जानेवारी ते 5 फेब्रुवारी, सोळा देश. त्यालाच पुढे, 1926 मध्ये, पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे खेळाडू खेळले तेव्हा आपण ऑलिंपिकच्या इतिहासात पहिले ठरणार आहोत हे पक्कं झालेलं नव्हतं!

हाउग तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.

30 जानेवारीला 50 किलोमीटर झाली. हाउग 3 तास 44 मिनिटं 32 सेकंदांत पहिला आला. दुसरा तोराल्फ स्ट्रोमस्टाड, तिसरा योहान ग्रोटुम्सब्रोटेन, चौथा योन मोर्डालेन. चारही नॉर्वेचे. पाचवा आलेला स्वीडनचा खेळाडू हाउगच्या वीस मिनिटांहून जास्त मागे होता. वीस मिनिटं! तेवढ्या वेळात चहा पिऊन, सकाळचा पेपर वाचून होतो.

2 फेब्रुवारीला 18 किलोमीटर. पुन्हा हाउग पहिला, वेळ 1 तास 14 मिनिटं 31 सेकंद, आणि ग्रोटुम्सब्रोटेन त्याच्या 1 मिनिट 20 सेकंद मागे. हीच शर्यत कंबाइंडसाठीही धरली जाणार होती. तिथे पहिल्या आलेल्या हाउगला 20 पैकी 20 गुण पडले. आता उरल्या उड्या.

4 फेब्रुवारीला कंबाइंडच्या उड्या झाल्या. उडीला अंतराचे गुण असतात आणि ढंगाचेही. हवेत शरीर कसं ठेवलं, उतरताना तोल कसा राखला, हे परीक्षक बघतात. त्यात हाउगला 17.812 मिळाले. स्ट्रोमस्टाड उडीतही त्याच्या मागेच होता. आता सरासरी काढा. 20 आणि 17.812 यांची सरासरी 18.906. स्ट्रोमस्टाड 18.219 वर राहिला आणि ग्रोटुम्सब्रोटेन 17.854 वर. पहिले चारही पुन्हा नॉर्वेचे. हाउग कंबाइंडचा पहिला ऑलिंपिक विजेता झाला, आणि त्याच्या खात्यात तिसरं सोनं जमा झालं. त्या स्पर्धांत तीन सुवर्णपदकं जिंकणारा आणखी एकच होता, फिनलंडचा स्पीड स्केटर क्लास थुनबर्ग.

आता चौथी स्पर्धा. नुसत्या उड्यांची, म्हणजे स्की जंपिंगची. ती हाउगची खास स्पर्धा नव्हती. तिथे फक्त उडीवरच जगणारे लोक होते. नॉर्वेचाच याकोब टुलीन टाम्स कमरेत वाकून, अंग पुढे झुकवून हवा कापत जायचा. तेव्हा हे तंत्र नवीन होतं. फ्लुइड मेकॅनिक्स झालेल्यांना त्यातली गंमत समजेल. टाम्स पहिला आला, नार्वे बोन्ना दुसरा. तिसऱ्या जागी नाव लागलं हाउगचं, गुण 18.000. चौथा आला अमेरिकेचा अँडर्स हाउगेन, गुण 17.916.

हाउग आणि हाउगेन. नावंही अशी की हजेरीपटात एकाखाली एक यावीत. आणि हा हाउगेन तरी कोण? मूळचा नॉर्वेचाच! तेलेमार्कमधल्या बो गावात जन्मलेला, तरुणपणी अमेरिकेत स्थायिक झालेला. शामोनीत तो अमेरिकेच्या स्की संघाचा कॅप्टन होता. त्या दिवशी सगळ्यात लांब उडी त्यानेच मारली होती, 50 मीटर. पण ढंगाचे गुण कमी पडले आणि 0.084 गुणांनी त्याचं पदक हुकलं. आपल्याकडे एका मार्काने क्लास हुकला की मुलं रात्रभर झोपत नाहीत. इथे एक मार्कसुद्धा नाही, त्याचा दहावा हिस्सा पण नाही!

हाउगची एकूण पदकं झाली चार. तीन सोन्याची, एक ब्राँझचं.

एक गोष्ट इथे कोणाच्या लक्षात यायला हवी होती. 18.000 हा आकडा. बाकी सगळ्यांचे गुण वाकडेतिकडे, दशांश चिन्हापुढे तीन-तीन अंक असलेले, आणि हा एकच कसा नेमका गोल? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असं गोल उत्तर आलं की आमचे सर लगेच कॅल्क्युलेशन दाखवायला सांगतात. गोल आकडा चूकच असतो असं नाही, पण थांबून बघावं असा तो नक्कीच असतो. तेव्हा कोणी थांबलं नाही. तीन सुवर्णपदकं जिंकलेल्या माणसाला आणखी एक ब्राँझ मिळालं यात कोणाला काय खटकणार?

हाउग घरी परतला. 1924 मध्येच होल्मेनकोलेनची सहावी 50 किलोमीटरही त्याने जिंकली. 1926 मध्ये फिनलंडच्या लाहतीला झालेल्या जागतिक स्पर्धेत कंबाइंडमध्ये त्याला रौप्यपदक मिळालं. तिथे पहिला आला ग्रोटुम्सब्रोटेन, शामोनीत दोन वेळा हाउगच्या मागे तिसरा आणि एकदा दुसरा आलेला तोच. पुढे 1928 आणि 1932 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कंबाइंडचं सोनं ग्रोटुम्सब्रोटेननेच नेलं. जुन्या माणसाने जागा रिकामी केली आणि त्याच्याच बरोबर धावलेल्याने ती घेतली. खेळात असंच असतं.

12 डिसेंबर 1934 ला हाउग द्रामेनमध्ये न्यूमोनियाने गेला. वय फक्त चाळीस. पेनिसिलिन औषध म्हणून हातात यायला तेव्हा अजून काही वर्षं बाकी होती. 50 किलोमीटर बर्फातून न थांबता जाणारी ती फुप्फुसं, आणि शेवट त्यांनीच केला. हे वाचलं तेव्हा मला बराच वेळ पुढचं पान उलटवता आलं नाही. 1946 मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावर वर्षभरातच, द्रामेनच्या लोकांनी त्याचा पुतळा उभारला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण 1974 उजाडलं. शामोनीला पन्नास वर्षं झाली होती. त्या वेळच्या नॉर्वेच्या संघातले जे हयात होते ते एकत्र आले, जुन्या आठवणी निघाल्या, जुने निकालही पुन्हा बघितले गेले. नॉर्वेत याकोब वोगे म्हणून स्कीइंगचे इतिहासकार होते. त्यांनी उड्यांच्या गुणांचा हिशोब परत केला आणि हाउगच्या नावापुढची बेरीज जुळेना. खरे गुण 18.000 नव्हतेच. ते होते 17.821.

म्हणजे हाउगेनच्या 17.916 पेक्षा 0.095 ने कमी. म्हणजे ब्राँझ हाउगेनचं. आणि तिसरा आलेला हाउग खरं तर चौथा.

या सगळ्यात लबाडी कोणाचीच नव्हती. हाउगने काही लपवलं नव्हतं. त्याने उडी मारली, कागदावर जो आकडा आला तो त्याला सांगितला, त्याने पदक घेतलं. चूक होती फक्त बेरजेची. आता प्रश्न असा की ही चूक सापडल्यावर करायचं काय? गप्प बसणं फार सोपं होतं. हाउगचा तर पुतळा उभा होता. पदक देशात होतं. समोरचा माणूस दुसऱ्या देशाकडून खेळलेला. पन्नास वर्षांत कोणी तक्रार केली नव्हती, आणखी पन्नास वर्षं कोणी केली नसती. शिवाय चूक शोधणारेही नॉर्वेचेच. आपल्याच हिरोचं पदक आपल्याच हाताने कमी करायचं, हे किती जणांना जमेल?

त्यांनी केलं. चूक ऑलिंपिक समितीपुढे मांडली गेली आणि मान्य झाली. हाउगेन तेव्हा जिवंत होता, पंच्याऐंशीच्या घरातला म्हातारा. त्याला ऑस्लोला बोलावलं. आणि तिथे हाउगच्या मुलीने, आपल्या वडिलांचं ते ब्राँझपदक, स्वतःच्या हाताने त्याच्या हातात दिलं. ज्या देशात तो जन्मला आणि ज्या देशाविरुद्ध तो खेळला, त्याच देशात त्याला त्याचं पदक मिळालं. अमेरिकेला स्की जंपिंगमध्ये मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. हाउगेन त्यानंतर दहा वर्षं जगला, 1984 मध्ये गेला.

मला यातला सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो. वडील जाऊन चाळीस वर्षं झालेल्या मुलीकडे वडिलांचं काय उरलेलं असतं? फोटो, काही वस्तू, आणि अशी पदकं. त्यातलं एक तिने दिलं. ते पदक तिच्या वडिलांचं नव्हतंच हे कळल्यावर ते कपाटात ठेवून त्याकडे अभिमानाने बघता आलं नसतं, हे तर आहेच. पण कळल्यावरही ठेवून घेणारे खूप असतात. आपल्याच बॅचमध्ये बघा. पेपर हातात मिळाला आणि सरांनी चुकून दोन मार्क जास्त मोजले असतील तर आपल्यातले किती जण उठून सांगायला जातात? कमी मोजले असतील तर लाइन लागते. मी स्वतःसुद्धा पहिल्या लाइनीत किती वेळा उभी राहिले असेन याची शंकाच आहे.

आणि यात हाउगचं काय गेलं? विचार केला तर काहीच नाही. नॉर्डिक कंबाइंडचं त्याचं सोनं तसंच आहे. 50 किलोमीटरचं तसंच आहे, 18 किलोमीटरचं तसंच आहे. शर्यतीत घड्याळ होतं, आणि घड्याळाने दिलेला मिनिटा-मिनिटांचा फरक कोणाच्या बेरजेवर अवलंबून नव्हता. कंबाइंडचा हिशोब तर वर दिलाच आहे, कॅल्क्युलेटर काढा आणि करून बघा. 20 अधिक 17.812, भागिले 2. बरोबर येतो.

उलट मला वाटतं, ते चौथं पदक गेल्यामुळे उरलेली तीन अजून पक्की झाली. त्याच्याच देशाच्या लोकांनी त्याचा हिशोब तपासला, चूक निघाली ती मान्य केली, आणि त्याच्याच घरच्या माणसाने तिची भरपाई केली. आता त्याच्या नावावर जे आहे ते सगळं त्याचं आहे. कोणाचं उधारीचं काही नाही. किती लोकांबद्दल असं म्हणता येईल?

पुढच्या वेळी फेर तपासणीचा फॉर्म भरताना हाउगेनची आठवण ठेवा. कधी कधी उशिरा का होईना, हक्काचं मिळतं. पण मार्क जास्त आले असतील तर हाउगच्या मुलीची आठवण ठेवा.

बाकी हाउगची तीन सुवर्णपदकं कितीही वेळा मोजा, तीनच भरतात.